जुन्नरचा समुद्र

आमच्या विवाहास २८ वर्षें पुरीं झालीं, त्या निमित्तानें आम्हां उभयतांस पिनांग पाहावयास पाठवावें असा बेत आमच्या चिरंजिवांनीं केला होता. पिनांग हें मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यालगतचें एक बेट. तेथील जॉर्ज टाउन ह्या जुन्या व्यापारी शहरांत चिनी, तमिळ, मलायी, अरब व इंग्रज अशा नाना लोकांच्या पेढ्या आणि प्रार्थनामंदिरें शेजारीं शेजारीं उभीं आहेत; शहर पाहून झालें कीं मोटारीनें थोडक्या वेळांत समुद्रकांठ गांठावा. बेत उत्तमच होता. परंतु तिकिटें काढण्यापूर्वीं सौभाग्यवतीनें एक शंका काढली. "परदेशचें व्यापारी शहर पाहण्यास माझी ना नाहीं," ती म्हणाली, "पण जुन्नर हेंही व्यापाऱ्यांचेंच शहर होतें, तेथें यवन येत, शक येत, असें तुम्ही इतकीं वर्षें वर्गांत सांगत आलां, आणि मला तें एकदांही दाखविलें नाहीं. आधीं तें दाखवा." ह्यावर मीं एवढेंच म्हटलें कीं, जुन्नरला समुद्र नाहीं. "मग ते यवन आले कोठून?" असा तिनें उलट प्रश्न केला. तिचा जन्म शाळेंत गणित शिकविण्यांत गेला आहे; उदाहरण अर्ध्यावर सोडणें तिला खपत नाहीं.

त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून आम्ही मार्गशीर्षांत तीन दिवसांचा प्रवास केला. त्याची ही हकीकत आहे. आणि एका गोष्टीसंबंधानें मी आजवर जें अपुरें सांगत आलों, तिचीही.

पुण्याहून नाशिकच्या सडकेनें निघालें म्हणजे खेड मागें पडल्यावर मंचरच्या अलीकडे आंबेगांव तालुका लागतो. ह्या तालुक्याच्या नांवाची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. ज्या आंबेगांवावरून तें पडलें, तें मूळ गांव घोड नदीवर डिंभें येथें धरण झालें तेव्हां पाण्याखालीं गेलें. कचेऱ्या घोडेगांवीं आहेत, बाजार मंचरला आहे, आणि ज्याचें नांव सर्व कागदांवर चालतें तें गांव मात्र जलाशयाच्या तळाशीं आहे. त्याच खोऱ्यानें पश्चिमेस वर वर गेलें म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावर आहुपें लागतें, व तेथून एक घाट कोंकणांत मुरबाडच्या बाजूस उतरतो. भीमाशंकराच्या रानांतूनही पाउलवाटा खालीं जातात. शाळेच्या नकाशांत सह्याद्रि एखाद्या भिंतीसारखा काढलेला असतो. त्या भिंतीला ठिकठिकाणीं दारें आहेत, आणि आंबेगांव व जुन्नर हे प्रांत त्या दारांच्या आंतलीं अंगणें होत, हें नकाशावरून कळत नाहीं. ह्या दारांत सर्वांत नांवाजलेलें दार नाणेघाट. तें दुसऱ्या दिवसासाठीं राखून आम्ही नारायणगांवावरून जुन्नरांत शिरलों.

जुन्नर हें नांव जीर्णनगर ह्या शब्दावरून आलें असें सांगतात. शहर कुकडी नदीच्या खोऱ्यांत आहे, आणि त्याच्या भोंवतीं शिवनेरी, मानमोडी, तुळजा व लेण्याद्रि हे डोंगर पहाऱ्यावर बसल्यासारखे दिसतात. ह्या डोंगरांत लेणीं किती, हें मोजण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. कोणी प्रत्येक खोली व प्रत्येक पाण्याचें टांकें निराळें धरतात, कोणी एका ओसरीच्या सर्व खोल्या मिळून एक धरतात. परंतु कोणत्याही रीतीनें मोजलें तरी आंकडा मोठाच येतो. अजिंठ्यास ३० आहेत. तरी अजिंठ्यास सारें जग जातें आणि मानमोडीच्या डोंगरावर आम्हांस एक गुराखी व त्याच्या शेळ्या भेटल्या. ह्याचें कारण उघड आहे. जुन्नरच्या लेण्यांत चित्रें जवळ जवळ नाहींत, शिल्प थोडें. आंत पाहावें तों भिक्षूंच्या निजण्याचे दगडी ओटे, बाहेर पाण्याचीं टांकीं. तुळजा लेण्यांतील वर्तुळाकार चैत्यगृह तेवढें अपवाद म्हणून सांगावें लागेल. १२ साधे अष्टकोनी खांब गोल फेर धरून उभे आहेत, वर घुमट आहे, आणि मध्यें स्तूप आहे. सौभाग्यवती त्या फेरांत बराच वेळ उभी राहिली. मीं विचारलें, तेव्हां म्हणाली, "कंपास नसतांना हें वर्तुळ आंखलें कसें?" दोरी व खुंटी, असें मीं सांगितलें, परंतु माझें उत्तर तिला अगदींच पटलेलें दिसलें नाहीं.

बहुतेक यात्रेकरू शिवनेरीवर शिवजन्माची जागा पाहतात, लेण्याद्रीस गिरिजात्मजाचें दर्शन घेतात आणि परत फिरतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. आम्हीही तेंच केलें. शिवनेरीवर १६३० सालीं जिजाबाईसाहेबांच्या पोटीं जें मूल जन्मास आलें, त्याच्यापुढें इतर सर्व काळ फिके पडावे हें महाराष्ट्रांत स्वाभाविकच आहे. पण लेण्याद्रीच्या सुमारें ३०० पायऱ्या चढून गेल्यावर, गिरिजात्मज ज्या विहारांत विराजमान आहे त्याच्या शेजारीं एक चैत्यगृह आहे, तिकडे फारसें कोणी वळत नाहीं. तेथें ब्राह्मी लिपींत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा कीं, हें चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त ह्याचें दान आहे. हेरणिक म्हणजे सुवर्णाचा व्यवहार करणारा.

कल्याणचें नांव ऐकतांच आमच्या सौभाग्यवतीची मुद्रा एकदम खुलली, कारण तिचें माहेर कल्याणचें. दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका माहेरच्या माणसानें येथवर येऊन एवढें मोठें काम करून ठेविलें आहे, आणि जांवई इतिहासाचा प्राध्यापक असूनही त्यानें तें कधीं सांगितलें नाहीं, ह्याबद्दल मला चार शब्द ऐकावे लागले. मीं तिला सांगितलें कीं, कान्हेरीच्या लेण्यांतही कल्याणकरांचीं दानें पुष्कळ आहेत. तुमच्या गांवाला हातचें सुटत नाहीं हा समज चुकीचा आहे.

विनोद सोडून पाहिलें, तर तिच्या घरच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर ह्या एका ओळींत होतें. कल्याण हें खाडीवरचें बंदर, जुन्नर घाटमाथ्यावरचें शहर, मध्यें सह्याद्रि. कल्याणच्या सोनाराच्या मुलानें आपलें पुण्य जुन्नरास गुंतवावें, तर त्याचा पैसाही ह्याच वाटेनें जात येत असला पाहिजे. इतर लेख पाहिले म्हणजे हेंच चित्र भरत जातें. शिवनेरीच्या कड्यांतील चैत्यगृह वीरसेनक नांवाच्या गृहपतींच्या प्रमुखानें सर्व लोकांच्या हितसुखासाठीं दिलें. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें एक सात खोल्यांचें लेणें व टांकें दिलें. बुरुडांची श्रेणी, कांसारांची श्रेणी ह्यांच्याजवळ ठेवी ठेवून त्यांच्या उत्पन्नांतून धर्मकार्यें चालवावीं अशी व्यवस्था केलेली आढळते. आजच्या पेढ्यांचें काम त्या काळीं धंदेवाल्यांच्या श्रेणी करीत असत, आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास असे. अदुथुम नांवाचा एक शक करंजाचीं व वडाचीं झाडें लावण्यासाठीं शेतजमिनीचें उत्पन्न लावून देतो. आणि मग ते सुप्रसिद्ध यवन: एकाचें नांव इरिल, त्यानें दोन टांकीं दिलीं, दुसऱ्याचें चित, त्यानें संघासाठीं भोजनमंडप दिला, तिसरा चंद, त्यानें मानमोडीवर गर्भद्वार करविलें. ह्यांतील इरिल व चित स्वतःस 'गत' ह्या लोकांपैकीं म्हणवितात. यवन पश्चिमेकडून समुद्रमार्गें आलेले कीं उत्तरेकडून स्थलमार्गें येऊन येथें मुरलेले, ह्याविषयीं वाद आहे. मला इतकेंच दिसतें कीं, परक्या माणसानें ह्या गांवांत सर्वांत आधीं पाणी आणि जेवण ह्यांची सोय केली. जो स्वतः प्रवासांत तहानेला व भुकेला झालेला आहे त्याच्याच हें लवकर ध्यानांत येतें.

रात्रीं मुक्कामाच्या खोलींत बसून मीं तिला पुढच्या काळांतील एका परदेशी पाहुण्याची गोष्ट सांगितली. त्वेर ह्या रशियन शहराचा अफनासी निकितिन नांवाचा व्यापारी १५ व्या शतकाच्या उत्तरार्धांत होर्मुझहून जहाजानें चौलास उतरला. विकण्यासाठीं त्यानें बरोबर एक घोडा आणला होता, आणि त्याच्यावर त्याचे १०० रूबल खर्च झाले होते. चौलहून सह्याद्रि चढून तो जुन्नरास आला आणि पावसाळ्यांत येथेंच अडकून पडला. चार महिने पाणी आणि चिखल ह्यांवांचून दुसरें कांहीं नसतें, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. येथला बहामनी अंमलदार असदखान ह्यानें त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलें, मुसलमान हो, म्हणजे घोडा देतों आणि वर १,००० मोहरा देतों. न होशील तर दोन्ही जातील. विचार करावयास चार दिवसांची मुदत दिली. सुदैवानें खोरासानचा एक ख्वाजा महंमद वेळेवर गांवांत आला, त्यानें मध्यस्थी केली, आणि निकितिनचा धर्मही वांचला व घोडाही वांचला. आपल्याकडील शाळकरी मुलांना वास्को-द-गामा ठाऊक असतो. त्याच्या आधीं सुमारें पाव शतक जुन्नरच्या चिखलांत घोड्याची काळजी करीत बसलेला हा रशियन त्यांना ठाऊक असावा असें मला नेहमीं वाटतें. कारण बंदर कल्याणचें असो वा चौलचें, राज्य सातवाहनांचें असो वा बहामनींचें, जहाजांतून उतरलेला माणूस घाट चढून येथेंच येई. पुढें मलिक अहमदानें १४९० सालीं निजामशाही उभारली, तेव्हां तिची पहिली राजधानीही हेंच शहर झालें. अहमदनगर मागाहून वसलें.

दुसऱ्या दिवशीं पहाटेस आम्ही पश्चिमेकडे निघालों. आपटाळें, मग डाव्या उजव्या हातांस डोंगर, चावंडचा किल्ला, पूर गांवचें कुकडेश्वराचें देऊळ, आणि शेवटीं जीवधनाच्या पायथ्याशीं घाटघर. ह्या भागांत महादेव कोळ्यांची वस्ती आहे आणि हिरड्याचीं झाडें पुष्कळ. हिरडा गोळा करून विकणें हा येथील लोकांचा जुना व्यवसाय. घाटघरचे एक वृद्ध गृहस्थ आमच्याबरोबर वाट दाखवावयास आले. पावसाळ्यांत येथें वाऱ्यानें धबधब्याचें पाणी उलटें वर उडतें, तें पाहण्यासाठीं शहरांतलीं पोरें इतकी गर्दी करतात कीं गुरांना वाट मिळत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. "आणि लेणें कोण बघतो, बाबा?" असें सौभाग्यवतीनें विचारलें. "पाऊस आला कीं समदे आंत शिरत्यात," ते म्हणाले.

घाटाच्या तोंडाशीं एक दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, अशी दंतकथा आहे. मी आजवर ही कथा इतिहास म्हणूनच सांगत आलों. वस्तुतः तिला दंतकथेपलीकडे आधार नाहीं. जकात असणारच, इतकी वाहतूक जेथें होती तेथें ती न घेणारा राजा अजून जन्मावयाचा आहे. पण ती ह्याच रांजणांत पडे असें म्हणवत नाहीं. तसेंच, हा घाट सातवाहनांनीं बांधला असें सर्रास लिहितात, परंतु तेथील लेखांत घाट बांधल्याचा एक शब्दही नाहीं. रांजणापासून पुढें होऊन दोन डोंगरांमधल्या खिंडींतून खालीं पाहिलें म्हणजे फरसबंद वाट कोंकणांत उतरत गेलेली दिसते. समुद्र दिसत नाहीं. दिसतें तें धुक्यांत बुडालेलें सपाट रान. बैलांचे तांडे त्या बाजूनें वर येत, तेव्हां ह्या खिंडींत पाऊल ठेवल्यावर त्यांचा देश संपे आणि सातवाहनांचा सुरू होई.

त्याच पावलावर लेणें आहे. तें भिक्षूंसाठीं कोरलेलें नाहीं. चौकोनी दालन, डाव्या व उजव्या भिंतींवर मोठा लेख, समोरच्या भिंतीवर मूर्तींची रांग होती. कर्नल साइक्स ह्यानें १८२८ च्या उन्हाळ्यांत हें स्थळ पाहिलें तेव्हांपासून विद्वानांचें लक्ष इकडे वेधलें. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं पुढें ह्यांतील अंक उलगडले, आणि ब्यूलर ह्यानें १८८३ सालीं सबंध लेख छापला. काळाविषयीं मतभेद आहे. कोणी इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांत ठेवितात, कोणी पहिल्या. लेख राणी नागनिका हिच्या वतीनें आहे. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य, आणि यम, वरुण, कुबेर व वासव हे चार लोकपाल ह्यांस वंदन. मग राणीची ओळख. त्यानंतर तिनें व तिच्या पतीनें, म्हणजे सातकर्णि राजानें, केलेल्या यज्ञांची मालिका: राजसूय, दोन अश्वमेध, आणि किती तरी लहान मोठे, व प्रत्येकाची दक्षिणा.

दक्षिणेचा भाग आला आणि आमच्या सौभाग्यवतीचा अंमल सुरू झाला. गाई १,७००, गाई ११,०००, कार्षापण २४,४००. भारतांतील आंकड्यांचा इतका मोठा व इतका जुना साठा दुसरीकडे क्वचितच मिळतो. मीं बरोबर नेलेल्या ठशाच्या छायाचित्रावरून तिनें एकेक खूण भिंतीवर शोधून काढली. शून्य अद्याप अवतरलें नव्हतें, स्थानावरून किंमत ठरण्याची युक्तीही नव्हती. १०० ला एक खूण, १,००० ला एक खूण. ७०० लिहावयाचे तर शंभराच्या खुणेला साताची खूण जोडावयाची. ४,००० लिहावयाचे तर हजाराच्या खुणेला चाराची. "म्हणजे हे लोक चार हजार हा शब्द उच्चारतात तसाच लिहीत होते," ती म्हणाली. मी वीस वर्षांहून अधिक काळ हा लेख शिकवीत आहें. हें इतक्या सोप्या शब्दांत मला कधीं सांगतां आलें नव्हतें.

नंतर आम्ही मागच्या भिंतीपुढें गेलों. येथें आठ मूर्ति होत्या असें मानतात. आज त्यांतील एकही उभी नाहीं. खालीं कांहीं ठिकाणीं तुटक्या पावलांच्या खुणा तेवढ्या ओळखूं येतात, आणि वर, जेथें मस्तकें होतीं त्यांच्याही वर, कोणाची मूर्ति कोणती हें सांगणारीं अक्षरें आहेत. पहिला राजा सिमुक सातवाहन, वंशाचा मूळपुरुष. पुढें राणी व राजा. मग कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. मधल्या कांहीं जागा नाहींशा झाल्या आहेत. मीं नेहमींच्या रीतीनें वर्णन सुरू केलें: हा सातकर्णि, ह्याच्या बाजूस त्याची विधवा, अल्पवयी मुलाच्या वतीनें राज्य चालविणारी—

"तसें तेथें लिहिलें आहे?" तिनें विचारलें.

मीं अक्षरें वाचून दाखविलीं. 'देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो.' देवी नायनिका हिची, आणि राजा श्री सातकर्णि ह्याची.

"मग आधीं तिचें नांव आहे," ती म्हणाली, "आणि तुम्ही आधीं त्याचें सांगितलें. शिवाय दोघांना मिळून एकच पाटी आहे. सिमुकाला निराळी, मुलांना निराळी. ह्या दोघांनाच एक." थोडें थांबून तिनें विचारलें, "आणि हा महारठी कोण?"

बहुतेक विद्वान त्यास राणीचा पिता मानतात, असें मीं सांगितलें. तेव्हां ती हसली. "म्हणजे सासरच्या मंडळींत तिनें माहेरचा माणूसही उभा करून घेतला आहे. आणि तुम्ही म्हणतां, सातकर्णीची विधवा."

ह्या बोलण्यांत तिच्या कल्याणच्या सुलसदत्ताचा थोडा हात होता हें मी जाणतों. परंतु तेवढ्यानें तें बोलणें उडवून लावतां येत नाहीं. मी डाव्या भिंतीकडे वळून राणीच्या ओळखीचा भाग पुन्हां वाचूं लागलों. महिना महिना उपवास करणारी, घरांत राहूनही तपस्विनी, ब्रह्मचर्य पाळलेली, दीक्षा, व्रतें व यज्ञ ह्यांत निष्णात: हीं विशेषणें मला पाठ आहेत, आणि मी ती वैधव्याच्या खुणा म्हणूनच वर्गांत सांगत असें. वैधव्य त्यांतून सुचतें हें आजही मला मान्य आहे. पण शेवटचें विशेषण मीं वरवर वाचलें होतें. यज्ञांत निष्णात! दोन अश्वमेध आणि राजसूय हे राजाच्या खात्यावर मांडून आम्ही मोकळे झालों. ज्या व्यक्तीनें तो हिशेब दगडावर लिहविला, तिनें आपला वांटा त्यांत नोंदविला आहे, आणि पत्नीवांचून यज्ञ होत नाहीं हें शास्त्र तर आम्हीच सांगतों. सातकर्णि व नागनिका ह्या दोघांचीं नांवें एकत्र असलेलें नाणेंही उपलब्ध झालें आहे. म्हणजे ही पाटी केवळ एका शोकाकुल पत्नीची लहर नव्हे.

मग दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. राजकुलाचीं चित्रें लावावयाचीं तर राजधानींत लावावीं. प्रतिष्ठान येथून किती तरी दूर पूर्वेस आहे. जुन्नरास तरी लावावीं. तेथें कातळ काय कमी होता? निर्जन घाटाच्या तोंडाशीं, जेथें पावसाळ्यांत उभें राहवत नाहीं, तेथें ही राणी सासरे, पती, पिता व मुलें ह्यांच्या मूर्ति कां उभ्या करते? माझ्या मतें, ती आपल्या प्रजेशीं बोलतच नव्हती. प्रजेला ती ठाऊक होती. ती बोलत होती समुद्राकडून येणाऱ्याशीं. खाडींत जहाज लावून, माल बैलांवर लादून, दोन तीन मुक्काम करून, छाती फुटेपर्यंत घाट चढून जो कोणी वर आला, त्याला पहिली सांवली ह्या दालनांत मिळे. आणि दम घेतांना त्याच्या समोर आठ माणसें उभीं असत. हें घर कोणाचें, येथें देव कोणते, येथें दान किती, आणि मालकीण कोण, हें त्याला दुसऱ्या कोणास विचारावें लागत नसे. यवनास अक्षर वाचतां येत नसलें तरी मूर्ति दिसत होत्या. राजघराण्यानें आपली ओळख देण्यासाठीं सिंहासन न निवडतां उंबरठा निवडला, ह्यावरून त्या काळीं जुन्नरचें सुखदुःख कोणत्या दिशेकडून येत होतें हें कळतें.

तिसऱ्या दिवशीं आम्ही खालीं उतरलों. नाणेघाट पायीं उतरण्याची सौभाग्यवतीची तयारी होती, माझ्या गुडघ्यांची नव्हती. म्हणून मोटारीनें माळशेजच्या घाटांतून मुरबाड आणि तेथून कल्याण. कल्याणास प्राचीन असें पाहावयास फार थोडें उरलें आहे. दिवसांतून असंख्य गाड्या जेथें थांबतात त्या स्टेशनांतून बाहेर पडून खाडीकडे गेलों, उभे राहिलों आणि मीं तिला एका अनामिक ग्रीक नाखव्याचें म्हणणें सांगितलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहिलेल्या त्याच्या 'पेरिप्लस' नामक प्रवासवृत्तांत कल्याणचें नांव येतें. थोरल्या सारगनाच्या, म्हणजे बहुधा कोणा सातकर्णीच्या, वेळीं हें रीतसर व्यापारी बंदर होतें. पुढें सत्ता पालटल्यावर येथें अडथळा पडला, आणि चुकून कोणी ग्रीक जहाज ह्या बाजूस आलेंच तर तें पहाऱ्यांत भडोचास नेलें जाई. भडोच त्या वेळीं क्षत्रप नहपानाच्या राज्यांत होतें. आणि पहिल्या दिवशीं मानमोडीवर पाहिलेला एक लेख ह्याच नहपानाचा अमात्य अयम ह्याचा आहे, वर्ष ४६, दान, एक टांकें व मंडप. बंदर अडविणाऱ्याचा मंत्री घाटमाथ्याच्या शहरांत येऊन बसला होता! पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पाडाव केला आणि त्याचींच नाणीं आपल्या छापाखालीं पुन्हां चालविलीं. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं तीं हजारोंनीं सांपडलीं. कल्याणची खाडी आणि जुन्नरचे डोंगर ह्यांचें भांडण एकच होतें, हें खाडीकांठीं उभें राहून सांगतांना मला जितकें पटलें तितकें वर्गांत कधीं पटलें नव्हतें.

सोपाऱ्यास पोहोंचेपर्यंत दुपार कलली. नाल्याच्या व चाळींच्या गर्दींतून वाट काढीत गेलें म्हणजे एक विटांचा स्तूप लागतो. लोक त्यास बुरूड राजाचा कोट म्हणत. भगवानलाल इंद्रजींनीं १८८२ सालीं तो खणला, तेव्हां आंत दगडी पेटी निघाली. तिच्यांत तांब्याचा करंडक व त्याच्या भोंवतीं आठ लहान मूर्ति. करंडकांत करंडक, शेवटचा सोन्याचा, आणि त्यांत भिक्षापात्राच्या खापऱ्या व सोन्याचीं फुलें. बरोबर यज्ञश्री सातकर्णीचें एक चांदीचें नाणें. त्याच वर्षीं त्यांना येथेंच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. बौद्ध कथांतील पूर्ण नांवाचा व्यापारी ह्याच शूर्पारकचा; तो पुन्हां पुन्हां समुद्रावर गेला, चंदन घेऊन आला आणि अखेर भिक्षु झाला.

"हीं चंदनाचीं बेटें कोठें?" असें तिनें विचारलें. कथेंतलीं बेटें नकाशावर दाखवूं नयेत, असें मीं सांगितलें. पण पूर्वेकडे जहाजें जात होतीं ह्यांत संशय नाहीं. आपण ज्या पिनांगास जाणार आहों त्याच्या समोरच्या किनाऱ्यावर १८३४ सालीं जेम्स लो ह्या इंग्रज अधिकाऱ्यास एक कोरीव शिळा सांपडली. तिच्यावर स्तूपाची आकृति आहे आणि महानाविक बुद्धगुप्त ह्याचें नांव आहे. राहणारा रक्तमृत्तिकेचा, म्हणजे बंगालचा. काळ सुमारें पांचवें शतक. प्रवास सिद्धीस जावो, एवढेंच त्याचें मागणें आहे. ती शिळा आतां कलकत्त्याच्या संग्रहालयांत आहे. सोपाऱ्याचा आणि तिचा प्रत्यक्ष संबंध कांहीं नाहीं. मला स्मरण झालें तें त्या संवयीचें: परक्या किनाऱ्यास पाय लागले कीं आधीं नांव कोरावें, गांव सांगावा, आणि दुसऱ्यासाठीं कांहीं तरी मागें ठेवावें. इरिलानें तेंच केलें होतें, सुलसदत्तानेंही.

पिनांगचीं तिकिटें फाल्गुनांतलीं निघालीं आहेत. तोंवर माझ्या व्याख्यानांची जुनी वही दुरुस्त करावयास घेतली आहे. सातवाहनांच्या प्रकरणांत 'सातकर्णीची विधवा नागनिका' असें जेथें जेथें होतें, तेथें तेथें लाल शाईनें खोडून 'देवी नायनिका व राजा सातकर्णि' असें केलें. रांजणाची गोष्टही काढून टाकली. सौभाग्यवतीनें समासांत पेन्सिलीनें चार हजारांची खूण काढून ठेविली आहे, विद्यार्थ्यांना फळ्यावर नीट काढून दाखवावी म्हणून.